कॅसलरॉकचा फाटा : दोन राज्यांच्या सीमेवरील एका रेल्वेमार्गाची कथा

बेळगावहून गोव्याकडे निघालेली आगगाडी लोंढा जंक्शन सोडते आणि तिनईघाटाची झाडी मागे टाकून कॅसलरॉकच्या फलाटावर उभी राहते. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील हे लहानसे गाव आहे. घाट उतरण्यापूर्वी गाडीचे ब्रेक येथे काटेकोरपणे तपासले जातात आणि मगच तिला पुढे जाण्याची अनुमती मिळते. खालून चढून आलेल्या गाडीला मागून रेटा देणारी इंजिनेही येथेच सोडवली जातात. बाहेर पाहावे तर चोहोंकडे अरण्य, पावसाळ्यात अहोरात्र धुके, आणि वस्ती अशी की गावासाठी स्थानक बांधले की स्थानकासाठी गाव वसले, असा प्रश्न पडावा.

या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. गाव स्थानकासाठी वसले. परंतु त्यातून दुसरा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर तितके सोपे नाही. हा लोहमार्ग कोणासाठी घातला गेला? त्याचा खर्च कोणी सोसला, आणि लाभ कोणाच्या पदरी पडला? सव्वाशेहून अधिक वर्षांचा या फाट्याचा इतिहास म्हणजे याच हिशेबाचा इतिहास होय.

रेल्वे येण्यापूर्वीही येथून वाट होती. तिनईघाट हे नावच त्याची साक्ष देते. लमाणांचे बैलांचे तांडे किनाऱ्यावरील मीठ वर देशावर नेत आणि देशावरील धान्य खाली उतरवीत. पावसाळ्याचे चार महिने हा व्यवहार थंडावे. हा मुलुख तेव्हा सुपा पेट्यात मोडत असे. उत्तर कानडा जिल्हा 1862 साली मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यास जोडण्यात आला, त्याच्याबरोबर सुपाही मुंबई सरकारच्या अमलाखाली आले. सागवानी लाकूड आणि हिवताप या दोनच गोष्टींसाठी हा भाग सरकारदरबारी ठाऊक होता, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या रानात लोखंडी रूळ येण्यास दोन कारणे घडली. एक घाटमाथ्याच्या पलीकडले, दुसरे समुद्रापलीकडले.

पहिले कारण दुष्काळाचे. 1876 ते 1878 या काळात धारवाड, कलादगी, बळ्ळारी या जिल्ह्यांत भीषण दुष्काळ पडला. धान्य देशात कोठेच नव्हते असे नाही. ते उपाशी माणसापर्यंत पोचविण्यास वाहन नव्हते. बैल चाऱ्यावाचून मेले आणि गाड्या जागच्या जागी राहिल्या. त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने 1880 साली रेल्वेमार्ग वाढविण्याची निकड आग्रहाने मांडली. त्याच धोरणातून 1882 साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. धारवाड हे तिचे मुख्य ठाणे झाले. दुष्काळी प्रदेशातील या मार्गांना एखाद्या जवळच्या बंदराची जोड हवी होती, आणि नकाशावर सर्वांत जवळचे उत्तम नैसर्गिक बंदर दिसत होते ते मुरगाव. ते मात्र पोर्तुगिजांच्या ताब्यात होते.

दुसरे कारण येथेच जुळून आले. 26 डिसेंबर 1878 रोजी लिस्बन येथे इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात एक तह झाला. इंग्लंडच्या वतीने रॉबर्ट मोरियर आणि पोर्तुगालच्या वतीने जुआंव द आंद्राद कोर्व्हु यांनी ही वाटाघाट केली होती. या तहाने गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधील जकातीची भिंत काढून टाकण्याचे ठरले. गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर इंग्रजांचे नियंत्रण आले आणि त्याच्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल 4 लक्ष रुपये मिळावयाचे ठरले. मुरगावचे बंदर बांधावे आणि तेथून सरहद्दीपर्यंत रेल्वे न्यावी, हा या तहाचाच भाग होता. मुरगावला पुन्हा एकदा भरभराटीचे दिवस येतील, अशी लिस्बनच्या मुत्सद्द्यांची आशा होती. गोव्यातील मिठागरांवर पोट असणाऱ्यांना मात्र त्या आशेची किंमत प्रथम मोजावी लागली.

1881 साली लंडन येथे ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे कंपनी’ निघाली. तिच्या नावातील ‘गॅरंटीड’ हा शब्द ध्यानात घेण्यासारखा आहे. भागधारकांनी गुंतविलेल्या भांडवलावर ठरलेले व्याज मिळेल याची हमी पोर्तुगीज सरकारने दिली होती. रेल्वेला नफा झाला नाही तर तूट सरकारी तिजोरीतून भरून द्यावयाची होती. म्हणजे भांडवल लंडनचे, तंत्र इंग्रज इंजिनिअरांचे, भूमी गोव्याची आणि तोट्याची जोखीम पोर्तुगीज तिजोरीची, अशी ही वाटणी होती. हिंदुस्थानातील बहुतेक आरंभीच्या रेल्वेमार्गांची घडण अशाच हमीवर झाली. भांडवलदाराला बुडण्याची भीती नसल्यामुळे खर्चाला आवर घालण्याची निकडही राहत नसे, हा त्या पद्धतीवरील आक्षेप त्या काळीही घेतला जात होता.

मार्ग मीटर गेजचा, म्हणजे रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेला, ठरला. लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत 1870 साली खर्च वाचविण्यासाठी हे अरुंद मापाचे रूळ स्वीकारण्यात आले होते, आणि सदर्न मराठा रेल्वेही त्याच मापाची होती. मुरगावपासून सरहद्दीपर्यंतचा सुमारे 82 किलोमीटरचा मार्ग पोर्तुगीज कंपनीचा, आणि वर लोंढ्याकडचा जोडमार्ग सदर्न मराठा कंपनीचा. दोन्ही बाजूंचे रूळ जेथे हातात हात घालणार होते ते ठिकाण म्हणजे कॅसलरॉक.

मुरगाव ते सावर्डे हा सपाटीचा भाग 1887 सालच्या जानेवारीत खुला झाला. खरी परीक्षा कुळे गावापुढे होती. पोर्तुगालच्या राजघराण्याच्या नावाने ओळखला जाणारा ब्रागांझा घाट तेथून सुरू होतो. कुळे ते कॅसलरॉक हे अंतर जेमतेम 26 किलोमीटरचे. परंतु चढण 37 फुटांस 1 फूट. लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालते तेव्हा घर्षण फार थोडे असते, म्हणून बैलगाडी सहज चढेल अशा चढणीवरही आगगाडी घसरू लागते. डोंगराच्या अंगाने वळणे घेत, आड आलेले कडे बोगद्यांनी भेदीत आणि दऱ्या पुलांनी ओलांडीत हा मार्ग वर आणण्यात आला. वाटेत सुमारे 300 मीटर उंचीचा दूधसागर धबधबा आहे. त्याच्या पोटाशी बांधलेल्या पुलावरून जाताना पावसाळ्यात तुषार डब्यात येतात. 1888 साली घाट पुरा झाला आणि गाडी कॅसलरॉकला पोचली.

अरण्यात, हिवतापाच्या प्रदेशात, मुसळधार पावसाशी झगडत ज्यांनी हे कडे फोडले त्या मजुरांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत. कंपनीचे संचालक, तहावर सह्या करणारे वकील यांची नावे कागदोपत्री राहिली. बोगद्याच्या भिंतीवरील टाकीचे घाव तेवढे त्या मजुरांची खूण म्हणून राहिले आहेत.

इतक्या खटपटीने उभारलेल्या या मार्गाचा हिशेब मात्र आरंभापासूनच चुकत गेला. तहाची मुदत 12 वर्षांची होती. 1892 साली ती संपली आणि तहाचे नूतनीकरण झाले नाही. म्हणजे गाडी घाट चढू लागून चार वर्षे होतात न होतात तोच जकातीची भिंत पुन्हा उभी राहिली. इकडे सदर्न मराठा रेल्वेचे रूळ लोंढा, बेळगाव, मिरज या वाटेने पुण्यास जाऊन भिडले आणि धारवाड-हुबळीकडील कापूस मुंबईच्या बंदराकडे ओढला जाऊ लागला. मुरगाव जवळ होते, पण मुंबईत बाजार होता, पेढ्या होत्या, गिरण्या होत्या. व्यापार नकाशावरील अंतर पाहत नाही. तो ओळखीच्या दाराशी जातो. हमीच्या व्याजाचे ओझे पोर्तुगीज तिजोरीवर वर्षानुवर्षे पडत राहिले. अखेर 1902 सालापासून हा मार्ग चालविण्याचे काम सदर्न मराठा रेल्वेकडेच सोपविण्यात आले. 1908 साली त्या कंपनीचे मद्रास रेल्वेशी एकीकरण झाले, आणि ‘एम. एस. एम.’ ही अक्षरे या प्रदेशातील लोकांच्या तोंडी बसली.

मालाने पाठ फिरविली तरी माणसांनी फिरविली नाही. ज्यांचा विचार लिस्बन-लंडनच्या वाटाघाटीत फारसा कोणी केला नव्हता, त्या सामान्य प्रवाशांनी या रेल्वेला आपलीशी केली. साष्टी-बार्देशातील तरुण नोकरीच्या शोधात मुंबई-पुण्यास निघाले ते याच घाटाने. बेळगाव, हुबळी, धारवाड येथे स्थायिक झालेली कुटुंबे मंगेशी आणि शांतादुर्गा या कुलदैवतांच्या दर्शनास उतरली तीही याच घाटाने. जुन्या गोव्यात 1890 आणि 1900 साली संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवदर्शनाचे सोहळे झाले, तेव्हा देशावरील भाविकांनाही ही नवी वाट उपलब्ध होती. एकाच डब्यात मराठी, कोकणी, कानडी आणि पोर्तुगीज या भाषा शेजारी बसू लागल्या.

या प्रवाशांना कॅसलरॉक आठवे ते तेथील जकात चौकीमुळे. इकडे कॅसलरॉकला एका सरकारची झडती, तिकडे कुळ्याला दुसऱ्या सरकारची. ट्रंका उघडावयाच्या, बोचकी सोडावयाची, आणि अंमलदाराची मर्जी होईपर्यंत तिष्ठत बसावयाचे. डोंगर तोच, पाऊस तोच, खाली-वर राहणारे लोकही एकमेकांचे सोयरे. तरी मध्ये दोन साम्राज्ये उभी होती.

पुढे याच रुळांवरून स्वातंत्र्याची हाक गोव्यात गेली. 18 जून 1946 रोजी मडगाव येथे डॉ. राममनोहर लोहिया यांनी सभाबंदी मोडली. त्यांना हद्दपार करण्यात आले. सप्टेंबरअखेर ते पुन्हा गोव्यात शिरले, तेव्हा पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना कुळे स्थानकावरच अटक केली. 15 ऑगस्ट 1955 रोजी निःशस्त्र सत्याग्रहींनी गोव्याच्या सीमा ओलांडल्या आणि त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्या वर्षी भारत आणि गोवा यांच्यातील रेल्वे वाहतूक थांबली. जो फाटा दोन देश जोडण्यासाठी घातला होता, त्याचे कॅसलरॉक हे अखेरचे टोक बनले. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर हा तुटलेला धागा पुन्हा सांधला गेला. चौकीचा धाक संपला. दरम्यान 1956 सालच्या राज्यपुनर्रचनेत उत्तर कानडा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला होता. सरहद्द उरली ती दोन देशांची नव्हे, एकाच देशातील दोन भागांची. सुपा हे जुने गाव तर काळी नदीवरील धरणाच्या जलाशयाखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयडा येथे आले.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मीटर गेजचे रूळ काढून तेथे रुंद मापाचे रूळ घालण्यात आले. 1998 साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली आणि मुंबईला जाणारा गोव्याचा प्रवासी बहुतांशी तिकडे वळला. घाटात आता मालगाड्यांचे महत्त्व वाढले. वरून खनिज खाली, बंदरातून कोळसा वर, हा व्यवहार मोठा झाला. 1878 सालच्या मुत्सद्द्यांनी जे स्वप्न पाहिले होते, ते शंभर वर्षांनी असे वेगळ्याच रूपाने खरे ठरले.

तरीही घाटाने आपला स्वभाव सोडलेला नाही. 2021 सालच्या जुलैत अतिवृष्टीमुळे कोकण रेल्वे बंद पडली, तेव्हा मंगळूरहून मुंबईस जाणारी गाडी या जुन्या वाटेने वळविण्यात आली. 23 जुलै रोजी दूधसागर आणि सोनावळी यांच्या दरम्यान दरड कोसळून तीही रुळावरून घसरली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. जुना मार्ग अडचणीत उपयोगी पडतो, परंतु डोंगराशी उद्दामपणा चालत नाही, हे दोन्ही धडे त्या एका दिवशी मिळाले.

याच सुमारास या मार्गाचे दुपदरीकरण करावे की नाही, हा वाद पेटला होता. कॅसलरॉक आणि कुळे यांमधील रूळ गोव्याच्या भगवान महावीर अभयारण्यातून जातात. वरच्या अंगाला काळी व्याघ्र प्रकल्पाचे रान आहे. दुसरा रूळ म्हणजे आणखी डोंगर कापणे आणि आणखी झाडे तोडणे. एका पक्षाने उद्योगांची गरज पुढे केली, दुसऱ्याने अरण्याची आणि कोळशाच्या धुळीने त्रासलेल्या गावांची. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या टप्प्याच्या दुपदरीकरणास दिलेली वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द ठरविली. परंतु परिणामांचा सविस्तर अभ्यास करून नव्याने अर्ज करण्याची वाट मोकळी ठेवली.

हा निकाल केवळ कायद्याचा नाही, तो इतिहासाचाही आहे. पहिला रूळ घालताना मिठागरवाल्याला कोणी विचारले नाही, रानातील कुणब्याला विचारले नाही, तोटा सोसणाऱ्या रयतेलाही विचारले नाही. दूरच्या राजधानीत सह्या झाल्या आणि डोंगर फुटला. दुसऱ्या रुळाच्या वेळी निदान हा प्रश्न न्यायासनापुढे विचारला गेला, एवढा फरक शंभर-सव्वाशे वर्षांत पडला आहे. तो थोडा म्हणता येणार नाही.

रेल्वे वाईट नव्हे. दुष्काळात बैल मेले म्हणून माणसे मेली, हे ज्या प्रदेशाने पाहिले त्याने रुळांचे उपकार विसरू नयेत. परंतु रेल्वेचा हिशेब केवळ किती टन माल गेला एवढ्यावर पुरा होत नाही. ती ज्या भूमीवरून जाते त्या भूमीच्या पदरी काय पडले, हा रकानाही त्या वहीत असावा लागतो. कॅसलरॉकच्या वहीत हा रकाना बराच काळ कोरा राहिला. घाट चढून आलेली गाडी आजही तेथे क्षणभर थांबते. तेवढ्या वेळात तो रकाना भरण्याची आठवण कोणास झाली, तरी त्या लहानशा फलाटाचे सार्थक होईल.