ख्रिस्तायन कोणाचे?

सेमिनरीत मराठी ख्रिस्ती साहित्याची ओळख करून घेताना आम्ही एक ओळ पाठ केली होती : 'ख्रिस्तायन' हे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे महाकाव्य. पुढे कित्येक वर्षे मीही धर्मग्रामात तेच सांगत आलो. ते अर्धसत्य होते.

टिळक १९१९ साली निवर्तले, तेव्हा या ओवीबद्ध ग्रंथाचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे ६४ अध्याय लिहिले ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. बालपणीच विवाह झाला आणि अक्षरओळख झाली ती पतीकडून. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी काही वर्षे ताटातूट सोसली आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने स्नानसंस्कार घेतला.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. 'ख्रिस्तायन' छापून आले १९३८ साली. शेवटचा हात पुत्र देवदत्त यांनी फिरवला. 'स्मृतिचित्रे' मात्र १९३४ पासूनच वाचकांच्या हाती येऊ लागली होती. वडिलांच्या सोवळ्याचे त्यातले प्रसंग वाचून आपण हसतो (हसता हसता गळाही दाटतो), आणि लक्ष्मीबाई म्हणजे घरगुती आठवणी सांगणाऱ्या बाई, असा समज करून घेतो. पन्नाशी उलटल्यावर, वैधव्यात, ज्यांनी प्रभूचे चरित्र ओवीत बांधले, त्यांचे नाव पतीच्या नावामागे झाकले जाते.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या एका वृद्धाची कहाणी त्याच्याच बोलीत १९३१ साली लिहून ठेवली. ती बोली प्रकाशकांना रुचली नाही. हर्स्टनबाई १९६० साली वारल्या. 'बॅराकून' हे पुस्तक निघाले २०१८ साली. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथाला प्रकाशनासाठी एवढे थांबावे लागले नाही. वाचकासाठी मात्र तो अजून थांबला आहे.

फादर स्टीफन्स यांचे १६१६ चे 'क्रिस्तपुराण' आपण आपले मानतो. तीच ओवी आणि तोच प्रभू येथेही आहे. लक्ष्मीबाई प्रॉटेस्टंट होत्या, म्हणून आपल्या घरांत हा ग्रंथ आला नाही, असे कोणी म्हणेल. पण टिळकांची भजने आपण गातोच की!

येत्या प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामात रोज सायंकाळी एक अध्याय वाचण्याचे ठरले आहे. आरंभी मी टिळकांचे नाव घेईन. बाराव्या अध्यायापासून लक्ष्मीबाईंचे.