पावकी, चिपटे आणि नवा पैसा : बडोद्याच्या मराठी घरांतले हिशेबाचे शिक्षण

मुलांना घरातले व्यवहार कसे शिकवत, हा विषय निघाला की आपण लगेच स्वयंपाक, शिवण, सारवण यांवर येतो. त्याआधीची गोष्ट म्हणजे माप. किती तांदूळ काढायचे, वाण्याने सांगितलेले पैसे बरोबर आहेत का, महिन्याचे धान्य पुरेल का, हे ज्याला कळले त्याला घर चालवता येई.

देशावरून बडोद्यात आलेल्या मराठी कुटुंबांनी आपली मापे बरोबर आणली. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. आता बघा, सगळे दुपटीत! अर्धे करत खाली जा, दुप्पट करत वर जा. पैशांचेही तेच : चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. म्हणून तर परवच्यात पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी असे. औट म्हणजे साडेतीन. तूर शेराला साडेतीन आणे आणि घ्यायची पाच शेर, तर औटकीत पाचाला साडेसतरा आणे. म्हणजे एक रुपया, एक आणा, दोन पैसे. वाण्याने तागडी खाली ठेवायच्या आत पोराने सांगायचे.

याच्या जोडीला आडाखे असत. मणाचे शेर चाळीस, त्याचा सोळावा हिस्सा अडीच शेर. तेव्हा जितके रुपये मण, तितक्या आण्यांना अडीच शेर. सात रुपये मण गहू, तर अडीच शेराला सात आणे. गुणाकार नाही की भागाकार नाही. आम्हा इंजिनीअरांना स्लाइड रूलचे कौतुक, पण हे त्याच जातीचे साधन आहे आणि खिशातही ठेवावे लागत नाही.

बडोद्यात मात्र एक मेख होती. गुजरातचा शेर चाळीस तोळ्यांचा, आणि ज्याला पक्का शेर म्हणत तो ऐंशीचा. मणाचा आडाखा दोन्हीकडे चाले, कारण शेर चाळीसच. पण ‘जितके रुपये शेर, तितक्या आण्यांना पाच तोळे’ हा आडाखा इथे अडीच तोळ्यांवर येई. पुण्याकडून सून होऊन आलेल्या मुलीला सासूने पहिल्यांदा काय शिकवायचे, तर हे!

आणि इथेच मुलगा-मुलगी हा फरक दिसतो. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग 1893 साली अमरेलीत सुरू केला आणि 1906 साली तो सगळ्या संस्थानाला लागू केला. मुलग्यांना सक्ती सात ते बारा वर्षांपर्यंत, मुलींना दहापर्यंत. काळाच्या मानाने हे फार मोठे पाऊल, यात शंका नाही. तरी शाळेतला हिशेब मुलग्याच्या वाट्याला जास्त आला, मुलीचा घरात पुरा झाला. तोही तोंडी नाही, हाताने : चिमूट, मूठ, पसा, ओंजळ; भाताला पाणी बोटाच्या पेराएवढे. आजी सांगत नसे, करायला लावत असे. चुकले तर भात कच्चा, तोच निकाल. पुढे 1950 मध्ये, हंसाबेन मेहता कुलगुरू असताना, महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञानाची विद्याशाखा निघाली आणि हीच विद्या पदवीला गेली. तिथे मूठ नाही, मोजमापाचे कप.

घरातली साखळी खरी तुटली ती 1 एप्रिल 1957 रोजी. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आण्याचे सव्वासहा होतात, पण पाव पैसा द्यायचा कसा? म्हणून ठरले : एका आण्याला सहा, दोनाला बारा, तिनाला एकोणीस, चाराला पंचवीस. म्हणजे आण्याची वस्तू तीनदा घेतली तर अठरा आणि एकदम घेतली तर एकोणीस. ज्या आजीने औटकी पाठ करून घेतली, तिला आता नातू तक्ता वाचून दाखवायला लागला. पुढच्या वर्षी, 1 ऑक्टोबर 1958 पासून, किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्याने आले आणि शेर, तोळेही गेले. शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, हे एका पिढीत उलटे झाले. दशमान पद्धत हवीच होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण घरातल्या वडीलधाऱ्यांचे एक ज्ञान त्या दीड वर्षात निकामी झाले, याची नोंद फारशी कुणी केली नाही.

काही राहिले. धान्यबाजारात मण अजून वीस किलोचा, म्हणजे जुन्या गुजराती मणाच्या जवळ. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच भाजीवाल्याकडे रोज चालतात. औट तेवढा गेला. ‘औटघटकेचा राजा’ म्हटले की मुले विचारतात, औट म्हणजे काय हो?

रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या जुन्या घरांत अजून कुणाकडे चिपटे-मापटे असेल, कणकेच्या डब्यात का असेना, तर त्यात पाणी भरून किती मिलिलिटर मावते ते मोजून मंडळाला जरूर कळवावे.