पिंगळी ते देवळाली : भरतीच्या दारातील एक प्रश्न

इंग्रजी भाषेने आपल्या मुलुखातून जे मोजके शब्द उचलले, त्यांत एका गावाचे नाव आहे, आणि त्या भाषेत त्याचा अर्थ 'डोके फिरलेला' असा होतो. ते गाव म्हणजे नाशिकजवळचे देवळाली. 1861 च्या सुमारास तेथे गोऱ्या पलटणींची छावणी पडली. नोकरीची मुदत भरलेला शिपाई विलायतेस परत जाण्यासाठी देवळालीस येऊन थांबे. परंतु पलटणींची जहाजे सुटत ती नोव्हेंबर ते मार्च एवढ्या काळातच. मार्चचे जहाज हुकले की पुढला हिवाळा लागेपर्यंत तेथेच दिवस ढकलावयाचे. हाताला काम नाही, वर ऊन, अंगात हिवताप, जवळ दारू आणि मनात घर! लढाईत न ढळलेली माणसे ह्या रिकामपणात ढळली. त्यांच्या सोबत्यांनी ह्या दुखण्याला 'डूलॅली टॅप' असे नाव दिले. त्यातला 'टॅप' हा आपल्याकडचा ताप. पुढे ताप गळाला आणि 'डूलॅली' तेवढे उरले.

ही व्युत्पत्ती गमतीची खरी. पण आम्ही ती गमतीसाठी सांगत नाही. शिपाईगिरी आणि मनाचे दुखणे ह्यांची गाठ किती जुनी आहे, हे तिच्यावरून कळते. ते दुखणे प्रत्येक वेळी शिपाई घरून घेऊन येतो असे नाही, छावणीतही ते जडते, हेही कळते.

आता देवळालीहून मनमाडास येऊ आणि तेथून आपल्या बाजूची गाडी धरू. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), जालना, परभणी आणि परभणीपुढले स्टेशन पिंगळी. निजामाच्या काळापासूनचा हा लोहमार्ग. त्याच्यावरील जालना हे गाव आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. हैदराबाद संस्थानात वेड्यांची पहिली व्यवस्था 1895 साली झाली ती हैदराबादच्या तुरुंगात. पुढे ते इस्पितळ जालन्यास आले आणि 1953 साली हैदराबादेस एर्रागड्ड्याला हलेपर्यंत जालन्यासच राहिले. आरंभ तुरुंगात झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. इंग्रजी मुलुखातही निराळे काही नव्हते. तेथील 1912 च्या कायद्याने माणसाला वेड्यांच्या इस्पितळात घालावयाचे तर बहुधा मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे, आणि मोकाट फिरणाऱ्याला पकडून आणण्याचे काम पोलिसांकडे असे. पुण्याकडे 'येरवडा' आणि मुंबईकडे 'ठाणे' ही गावांची नावे थट्टेत कशी रूढ झाली, हे श्रोत्यांस ठाऊकच आहे. इंग्रजाने देवळालीचे जे केले, तेच आपण येरवड्याचे आणि ठाण्याचे केले!

ह्या व्यवस्थेचा एक परिणाम असा की वेड ही चारचौघांतली गोष्ट होती. पोलीस आला, पंचनामा झाला, गाडीत बसवून नेले. सगळ्या गावाने पाहिले. जालना आणि हिंगोली येथे 1903 पर्यंत हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या होत्या. त्या काळी एखाद्या जवानाची पूर्वपीठिका हवी असती, तर गावच्या पाटलाला विचारून भागण्यासारखे होते. सौम्य दुखण्यांना, म्हणजे झोप उडणे, जीव घाबरणे, महिनेन् महिने उदास राहणे ह्यांना, आजार असे नावच नव्हते. त्यांवर उपचार नव्हता. मग तो लपविण्याचा प्रश्न कोठला?

हा प्रश्न महायुद्धांनी आणला. 1915 साली चार्ल्स मायर्स ह्या इंग्रज डॉक्टराने 'शेल शॉक' हे नाव छापून प्रसिद्ध केले. तोफांच्या माऱ्याने मेंदू हादरतो अशी आरंभीची समजूत होती. पण तोफेच्या आसपासही नसलेल्या शिपायांना तीच लक्षणे होऊ लागली, तेव्हा ती सोडावी लागली. युद्धानंतर ब्रिटनमध्ये ह्याची चौकशी झाली. 1922 च्या अहवालाने भरतीच्या वेळीच मनाची पारख नीट करा, असा सल्ला दिला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने हा सल्ला टोकास नेला. मनाने कमकुवत ठरवून पंधरा लाखांहून अधिक तरुण त्यांनी परत पाठविले, आणि तरीही रणांगणावर मने ढासळावयाची ती ढासळलीच. पूर्वी नाकारलेल्यांपैकी काहींना माणसांच्या टंचाईमुळे मागाहून घेतले, तर त्यांतील बहुतेकांनी नोकरी नीट बजावली! दारातली चाळणी किती भरवशाची, हे ह्यावरून दिसते. ती नसावी असे आम्ही म्हणत नाही; तिच्या भोकांचा अंदाज असावा, एवढेच.

आपल्याकडे अधिकारी निवडण्यासाठी मानसशास्त्रीय कसोट्यांची पद्धत 1943 साली डेहराडून येथे सुरू झाली. आज जवानाची वैद्यकीय प्रत 'शेप' ह्या पाच अक्षरी शब्दाने लिहितात. त्यातले पहिले अक्षर मनाचे. कान, हातपाय, शरीर आणि डोळे त्याच्यामागून येतात. मनाला हा अग्रमान मिळाला खरा, परंतु छाती फितीने मोजता येते, नजर तक्त्याने तपासता येते. मनाच्या बाबतीत पुष्कळसा भरवसा उमेदवाराच्या जबानीवरच टाकावा लागतो.

ह्या जबानीमागे कायदा उभा आहे. 1950 च्या सैन्य कायद्याचे तेरावे कलम सांगते की, भरती करणाऱ्या अधिकाऱ्याने नोकरीच्या अटी उमेदवारास वाचून समजावून द्याव्यात, ठराविक प्रश्न विचारावेत, आणि खोटे उत्तर दिल्यास शिक्षा होईल अशी ताकीद आधी द्यावी. चव्वेचाळिसावे कलम ती शिक्षा सांगते. जाणूनबुजून खोटे उत्तर दिल्याचे उघडकीस आले, तर लष्करी न्यायालय पाच वर्षांपर्यंत कैद देऊ शकते. 'जाणूनबुजून' हा शब्द महत्त्वाचा आहे. लहानपणी आईबापांनी कोणत्या डॉक्टराकडे नेले हे ज्याला ठाऊकच नाही, त्याची गोष्ट निराळी. गेल्या वर्षीच्या गोळ्या खिशात असून 'काही नाही' म्हणणाऱ्याची निराळी.

आता पिंगळीचा एखादा मुलगा डोळ्यांपुढे आणा. पहाटे रस्त्यावर धावण्याचा सराव करतो. कोरडवाहू शेत, दोन वर्षे पीक बुडालेले, दोन वर्षांमागे कर्त्या माणसाचा घरात अकाली मृत्यू. त्या धक्क्याने मुलगा खचला. परभणीस डॉक्टराला दाखविले, सहा महिने औषध घेतले, बरा झाला. ह्यात पोलीस नाही, मॅजिस्ट्रेट नाही, गावाला पत्ता नाही. पूर्वी सगळ्या गावाला माहीत असणारी गोष्ट आज डॉक्टर आणि घरची चार माणसे एवढ्यांतच राहते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर ती गुप्त ठेवणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच ठरविले. हे चांगलेच झाले. पण त्यामुळे भरतीच्या दारातला प्रश्न सर्वस्वी त्या पोराच्या जिभेवर येऊन पडला. शेजारी सांगणारे असतातच : 'बोलू नको रे, कोण बघतंय!'

हा सल्ला आम्हांस घातक वाटतो, आणि तो केवळ कैदेच्या भीतीने नव्हे. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने फेफरे येऊ लागलेल्या एका जवानाच्या खटल्यात असे ठरविले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत जडला असे सामान्यतः मानावे. तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार सरकारवर. हे ऐकून कोणी म्हणेल, मग नोंद न होणेच हिताचे! परंतु 2019 साली त्याच न्यायालयाने मनाच्या आजाराविषयी सावध भूमिका घेतली. असा आजार भरतीच्या तपासणीत सहसा ध्यानात येत नाही. म्हणून तेव्हा तो आढळला नाही एवढ्यावरून तो नोकरीनेच जडला असे धरता येणार नाही. म्हणजे ज्याने लपविले आणि जो पुढे सीमेवर पुन्हा खचला, त्याची बाजू दोन्हीकडून पोकळ. 2022 पासून चार वर्षांसाठी जाणाऱ्या अग्निवीराला निवृत्तिवेतन नाहीच. अपंगत्वाची ठोक रक्कम आहे, तीही आजाराचा नोकरीशी संबंध लागला तर. शिवाय उपचार चालू ठेवावयाचा तोही चोरून, आणि हाती भरलेली बंदूक.

तथापि मुलालाच खरे बोलावयास सांगून मोकळे होणे न्यायाचे नाही. 2017 च्या त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात एक वाक्य आहे. पूर्वी घेतलेला उपचार विचारात घेण्याजोगा असला, तरी केवळ त्यावरून त्या माणसाला आज किंवा पुढे मानसिक आजार आहे असे ठरविता येणार नाही, असा त्याचा आशय. सैन्याला आपली पात्रता ठरविण्याचा अधिकार आहे, आणि तो असलाच पाहिजे. शस्त्र हाती देणाराने चौकस असू नये तर कोणी असावे? परंतु सहा महिन्यांची उदासी आणि वर्षानुवर्षांचा चित्तभ्रम एकाच रकान्यात लिहिले गेले, तर त्याची बातमी गावोगाव पोहोचते, आणि मुले खोटे बोलावयास शिकतात. कित्येक त्याहून वाईट करतात. पुढे नाव खराब होईल म्हणून डॉक्टराकडे जातच नाहीत. दुष्काळाने पिळलेल्या आपल्या मराठवाड्यात ह्याची किंमत काय पडते, हे परभणी जिल्ह्याला सांगावयास नको. आजार कोणता होता, औषध केव्हा थांबले, त्यानंतर किती वर्षे निरोगी गेली, एवढे विचारून मग निकाल द्यावा, ही मागणी भलतीच आहे असे आम्हांस वाटत नाही.

वर्दीतल्या माणसाशी सरकार आता वेगळ्या सुरात बोलू लागले आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये 'टेलिमानस' ही दूरध्वनीवरून सल्ला देणारी सेवा देशभर सुरू झाली, क्रमांक 14416. डिसेंबर 2023 मध्ये तिचा खास सैनिकांसाठीचा कक्ष पुण्यास, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात उघडला. तेथे जवानाने मनातले बोलावे अशी अपेक्षा आहे. पिंगळीच्या मुलाने मात्र तोवर डॉक्टराचे कागद जपून ठेवावेत, औषध बंद झाल्याची तारीख त्यांवर लिहून घ्यावी, आणि मेळाव्याला जाताना ते बरोबर न्यावेत.