मोटारघरातील दूरचित्रवाणी व इंटरनेट सेवा

मोटारघर (कॅराव्हॅन, मोटारहोम) म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची व स्वच्छतागृहाची सोय असलेले स्वयंचलित वाहन. अशा वाहनातून प्रवास करताना दूरचित्रवाणीचे कार्यक्रम व इंटरनेट मिळवण्याचे तीन मार्ग आहेत : भूस्थिर उपग्रहावरून थेट प्रक्षेपण (डीटीएच), भ्रमणध्वनीचे जाळे आणि पृथ्वीच्या निम्न कक्षेतील उपग्रह. महाराष्ट्रात पहिले दोन मार्ग प्रत्यक्ष वापरात आहेत. प्रस्तुत लेखात पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा आणि तेथून सह्याद्री, कोकण व गोव्याकडे होणारा प्रवास यांच्या संदर्भात या सेवांचे स्वरूप दिले आहे.

पार्श्वभूमी

पिंपरी-चिंचवड, तळेगाव व चाकण हा भारतातील वाहननिर्मितीचा एक प्रमुख पट्टा आहे. आकुर्डी येथे मुख्यालय असलेल्या बजाज टेम्पो या कंपनीने (स्थापना १९५८, सध्याचे नाव फोर्स मोटर्स) १९८७ मध्ये ‘टेम्पो ट्रॅव्हलर’ हे वाहन बाजारात आणले. उभे राहता येईल इतके उंच छत आणि लांब, मोकळा अंतर्भाग यांमुळे भारतात मोटारघरात रूपांतर करण्यासाठी या वाहनाला पसंती मिळत आली आहे. मोटारघरांसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र वाहन मानक असून त्यानुसार चाचणी घेऊन मान्यता दिली जाते. केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली वाहनांची चाचणी घेणाऱ्या अधिकृत संस्थांपैकी दोन याच परिसरात आहेत : पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय), जिचे एक केंद्र चाकणला आहे, आणि भोसरी येथील केंद्रीय रस्ते परिवहन संस्था (सीआयआरटी).

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. मोटारघरे उभी करण्यासाठी वीज, पाणी व स्वच्छतागृहे असलेली कॅराव्हॅन पार्क उभारणे हा त्याचा एक भाग आहे.

तथापि या पट्ट्यात चाकांवर राहणाऱ्यांची सर्वांत मोठी संख्या पर्यटकांची नव्हे, मालमोटारचालकांची आहे. कारखान्याच्या फाटकाबाहेर माल चढण्या-उतरण्याची वाट पाहणारे, किंवा निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत मुक्कामाला थांबलेले चालक केबिनमध्येच जेवतात, झोपतात व घरच्यांशी बोलतात. पुढे वर्णन केलेल्या अडचणी व उपाय त्यांनाही तितकेच लागू पडतात. पर्यटनविषयक माहितीपुस्तकांत मात्र त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो.

भूतलावरील प्रक्षेपण

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ते पुणे परिसरात दिसू लागले. त्या काळात छतावरील साधा अँटेना सिंहगडाच्या दिशेला वळवला की चित्र मिळे. दूरदर्शनची ही अ‍ॅनालॉग भूतल सेवा २०२२ पर्यंत देशभरातून जवळजवळ संपुष्टात आली. परदेशी मोटारघरांविषयीच्या पुस्तकांत छतावरील भूतल अँटेनाला दिलेले महत्त्व पुणे परिसरात म्हणूनच लागू पडत नाही. तो अँटेना विकत घेणे हा येथे निव्वळ खर्च ठरतो.

उपग्रह दूरचित्रवाणी

भारतात खासगी डीटीएच सेवा २००३ मध्ये आणि प्रसार भारतीची विनाशुल्क सेवा (आता डीडी फ्री डिश) डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. डीडी फ्री डिशला मासिक वर्गणी नाही. सेटटॉप बॉक्स व डिश, म्हणजे बोलीभाषेतील ‘छत्री’, एकदा घेतली की सह्याद्री वाहिनीसह अनेक वाहिन्या दिसतात. वर्षातून काही आठवडेच वाहन वापरणाऱ्याला ही सेवा सोयीची पडते.

हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात व जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसतात. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पिंपरी-चिंचवडहून पाहता तो आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेल्या सुमारे १३२ अंशांवर, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंच येतो. गोव्यात पणजीजवळ हीच दिशा सुमारे १२७ अंश व उंची ६१ अंश होते; नागपुरात दिशा १४५ व उंची ६० अंश. राज्यभर उंचीचा कोन फारसा बदलत नाही, दिशा मात्र बदलते. ६० सेंटिमीटर व्यासाच्या डिशचा झोत जेमतेम तीन अंश रुंद असल्याने मुक्काम बदलला की डिश पुन्हा लावावी लागते. या भागात होकायंत्राची उत्तर व खरी उत्तर यांतील फरक एक अंशाहूनही कमी असल्याने साध्या होकायंत्रावर विसंबता येते. मात्र ते वाहनाच्या पोलादी अंगापासून काही पावले दूर धरावे लागते. खासगी सेवांचे उपग्रह वेगवेगळ्या रेखांशांवर आहेत, म्हणून एका कंपनीसाठी लावलेली डिश दुसरीच्या सेटटॉप बॉक्सला सहसा उपयोगी पडत नाही.

वाहन कोठे उभे करावे हे या कोनांवरून ठरते. उपग्रह ५९ अंश उंच असल्याने १२ मीटर उंचीचे झाड आग्नेयेस सुमारे सात मीटरांच्या आत असेल तरच आड येते. वायव्येकडचा वड कितीही मोठा असला तरी चित्रात व्यत्यय येत नाही. उन्हाळ्यात सावलीसाठी झाडाखाली वाहन लावण्याची सवय आणि डिश यांचे मात्र जमत नाही. त्यामुळे पायावर उभी राहणारी सुटी डिश व दहा-पंधरा मीटर केबल हा छतावर पक्क्या बसवलेल्या डिशपेक्षा अधिक व्यवहार्य पर्याय आहे.

सह्याद्रीत हाच हिशेब प्रवाशाच्या बाजूने जातो. घाटाखालच्या कोकणपट्टीत पूर्वेला कड्यांची भिंत उभी असते आणि उपग्रहही त्याच अंगाला असतो. तरीही हजार मीटर उंचीचा कडा आग्नेयेस सुमारे ६०० मीटरांच्या आत असेल तेव्हाच तो ५९ अंशांवरील उपग्रह झाकू शकतो. याउलट भ्रमणध्वनीचा मनोरा क्षितिजालगत असल्याने लहानशी टेकडीही त्याला झाकते. माळशेज, ताम्हिणी किंवा भीमाशंकरच्या रस्त्यावर दूरध्वनीची ‘रेंज’ नसताना दूरचित्रवाणी स्पष्ट दिसू शकते, ते यामुळेच.

पावसाळा हा या सेवेचा कच्चा दुवा आहे. डीटीएचसाठी वापरल्या जाणाऱ्या केयू पट्ट्यातील सूक्ष्मलहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात, त्यामुळे मुसळधार सरीत चित्राचे चौकोन होऊन ते थांबते. लोणावळ्यासारख्या अतिवृष्टीच्या ठिकाणी जुलै-ऑगस्टमध्ये हा खंड वारंवार पडतो, तर पर्जन्यछायेकडे सरकलेल्या चाकण परिसरात कमी वेळा. ७५ किंवा ९० सेंटिमीटरची डिश घेतल्यास खंड कमी होतो, संपत नाही.

चालत्या वाहनात साधी डिश निरुपयोगी असते. वळणागणिक उपग्रहाचा माग ठेवणारे, घुमटाखाली बसवलेले स्वयंचलित अँटेने उपलब्ध आहेत, पण त्यांची किंमत व वजन दोन्ही मोठे आहे. प्रवासी वाहनांत याऐवजी साठवलेले कार्यक्रम दाखवण्याची पद्धत रुळली. राज्य परिवहन महामंडळाच्या एसटी बसमध्ये २०१६-१७ च्या सुमारास आलेली वाय-फाय करमणूक सेवा याच प्रकारची होती : चित्रपट बसमधील यंत्रातच साठवलेले असत आणि प्रवासी ते आपल्या दूरध्वनीवर पाहत, त्यासाठी बाहेरच्या इंटरनेटची गरज नसे.

भ्रमणध्वनीद्वारे इंटरनेट

४जी सेवेचा देशव्यापी प्रसार सप्टेंबर २०१६ नंतर झपाट्याने झाला आणि ५जी सेवेचा आरंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. तेव्हापासून मोटारघरातील दूरचित्रवाणीदेखील हळूहळू इंटरनेटवर सरकली आहे. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘वेव्ह्‌ज’ हे ओटीटी व्यासपीठ सुरू केले. त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या डिशशिवाय पाहता येतात.

या मार्गाची मर्यादा डेटाची आहे. सेकंदाला ३ मेगाबिट वेगाने येणारे चित्र तासाला सुमारे १.३५ गिगाबाइट डेटा घेते. दररोज २ गिगाबाइट देणाऱ्या योजनेत साडेतीन तासांचा क्रिकेट सामना बसत नाही. तो दुसऱ्या डावाच्या आधीच थांबतो. चित्राचा दर्जा कमी करून वेग १ मेगाबिटवर आणल्यास तोच सामना सुमारे १.६ गिगाबाइटमध्ये पाहता येतो.

दूरसंचार खात्याच्या विभागणीत गोवा हा महाराष्ट्र परिमंडळाचाच भाग आहे, तर मुंबई, नवी मुंबई व ठाणे मिळून वेगळे परिमंडळ होते. ग्राहकाच्या देयकात या सीमा आता सहसा जाणवत नाहीत. जाणवतो तो मनोऱ्यांच्या घनतेतील फरक. पुणे-नाशिक महामार्गावर चाकण, राजगुरुनगर, मंचर या टप्प्यात मनोरे जवळजवळ असतात. मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरकडे वळल्यावर ते विरळ होत जातात. औद्योगिक वसाहतीत प्रश्न उलटा असतो. मनोरा दिसत असतो, पण एकाच वेळी हजारो दूरध्वनी त्याला जोडलेले असल्याने वेग घटतो. तळेगाव-चाकण रस्त्यावरील वाहतूक कोंडीत उभ्या असलेल्या वाहनाला पूर्ण पट्ट्या दिसूनही चित्रफीत न चालण्याचे हे एक संभाव्य कारण आहे.

वाहनाचे धातूचे अंग रेडिओलहरी अडवते. छतावरील अँटेना, त्याला जोडलेला दोन सिमचा राउटर आणि दोन भिन्न कंपन्यांची सिमकार्डे ही या अडचणीवरील सर्वांत उपयुक्त व्यवस्था होय. ७०० मेगाहर्ट्‌झसारख्या कमी वारंवारितेच्या लहरी दूर व आडोशापलीकडे अधिक चांगल्या पोहोचतात. ३,३०० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातील ५जी वेगवान असले तरी त्याचा पल्ला कमी असतो. २०२३ पासून उपलब्ध असलेली ‘एअरफायबर’ प्रकारची जोडणी घराच्या नोंदलेल्या पत्त्यासाठी दिली जाते, ती प्रवासासाठी नाही.

ऑनलाइन बाजारात ‘सिग्नल बूस्टर’ नावाने मिळणारी यंत्रे या व्यवस्थेचा भाग समजू नयेत. परवानगीशिवाय असे पुनर्प्रक्षेपक बसवणे बेकायदा आहे, कारण ते शेजारच्या शेकडो ग्राहकांच्या सेवेत व्यत्यय आणू शकतात. राउटरला जोडलेला बाह्य अँटेना आणि लहरी वाढवून पुन्हा प्रक्षेपित करणारे यंत्र यांत कायद्याने फरक आहे. विक्रेते तो सांगतीलच असे नाही.

विजेची गरज

२४ इंची एलईडी दूरचित्रवाणी संच सुमारे ३० वॅट, सेटटॉप बॉक्स १० वॅट व राउटर १० वॅट असे धरल्यास पाच तासांना २५० वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीतून तिचे आयुष्य न घटवता सुमारे ६०० वॅट-तास घेता येतात. करमणुकीचा भार त्यामुळे फारसा नसतो. बॅटरी संपते ती शीतकपाट व पंख्याने. मात्र इंजिन सुरू करण्याची बॅटरी यासाठी वापरल्यास सकाळी वाहन सुरू न होण्याचा धोका असतो.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलांत फरक पडेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे तत्त्व अधोरेखित केले. छतावर काही पक्के बसवताना वाहनाची नोंदलेली उंची बदलते का, हे पाहावे लागते. रेल्वेखालील भुयारी मार्गांच्या उंचीरोधक कमानींमुळे हा प्रश्न केवळ कागदावरचा राहत नाही. वाहन चालवताना हातातील दूरध्वनीचा वापर १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार फक्त मार्ग शोधण्यासाठी करता येतो. एकट्याने लांबचा पल्ला गाठणाऱ्या मालमोटारचालकांच्या बाबतीत या तरतुदीचे महत्त्व अधिक आहे, कारण त्यांचा दूरचित्रवाणी संच, नकाशा आणि घरचा आवाज हे सारे एकाच पडद्यावर असते.

निम्न कक्षेतील उपग्रह

सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांच्या ताफ्यातून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक सेवेला भारताच्या दूरसंचार विभागाचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला व जुलैमध्ये अंतराळ क्षेत्रातील नियामक संस्था इन-स्पेसची मान्यता मिळाली. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने या कंपनीशी इरादापत्रावर स्वाक्षरी केली. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव व वाशीम यांसारख्या जिल्ह्यांतील शासकीय संस्था व दुर्गम भाग हा त्याचा रोख आहे, प्रवासी वाहने नव्हेत. डिसेंबर २०१८ च्या नियमांनी विमाने व जहाजांत उपग्रहाद्वारे इंटरनेट देण्यास मुभा दिली, तीत रस्त्यावरील वाहनांचा समावेश नव्हता. परदेशात विकत घेतलेले उपग्रह-इंटरनेट यंत्र किंवा उपग्रह-दूरध्वनी परवानगीशिवाय भारतात आणून वापरणे गुन्हा ठरतो. परदेशातील मराठी कुटुंबांनी सुट्टीत येताना असे यंत्र सामानातून आणल्यास ते विमानतळावरच अडकू शकते.