फडाचे नाव : पवळा आणि कांताबाई सातारकर

तमाशातील स्त्रीभूमिका पूर्वी नाच्या पोऱ्या करी. अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेर तालुक्याच्या हिवरगावची पवळा (१८७०–१९३९) बोर्डावर उभी राहिली आणि ही रूढी मोडली, असे सामान्यतः मानले जाते. तथापि तिची कीर्ती बहुधा पठ्ठे बापूरावांच्या चरित्रातील एक प्रकरण म्हणूनच सांगितली जाते. कारण उघड आहे. लावणीच्या अखेरच्या चरणात कवीचे नाव गुंफले जाते, गाणारणीचे नव्हे; आणि इतिहासकार कागदावर विसंबतो. रेठरे हरणाक्षचा ब्राह्मण कुलकर्णी महार स्त्रीसाठी कवने रचतो, यातील नवलही कवीच्याच पदरी पडले. हा न्याय एकांगी होय.

तोच प्रश्न पुढे संगमनेरातच नव्याने उभा राहिला. तुकाराम खेडकर १९६४ साली निवर्तले. शिवाजीसारख्या पुरुषभूमिकाही गाजविणाऱ्या कांताबाई सातारकरांनी १९६९ साली स्वतःचा फड उभारला. परंतु त्याच्या नावात खेडकरांचे नाव आधी ठेवले. यात निष्ठा होती, की सुपारी देणाऱ्या गावकऱ्यांना ओळखीचे नाव हवे हा व्यवहार? दोन्ही संभवतात. पुढे पुत्राच्या काळात फड ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’ या नावाने ओळखला गेला. संस्थापिका ‘सह’ या शब्दानंतरच राहिली. २५ मे २०२१ रोजी कांताबाई संगमनेर येथे निवर्तल्या.