दोन काशीबाई



2023 साली सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदी शोधायचं काम जोरात सुरू झालं. तेव्हापासून घरोघरी वंशावळ काढणं चालू आहे. कुणी तहसील कचेरीत, कुणी शाळेत जुना दाखला काढायला, कुणी मोडी वाचणाऱ्याच्या दारात. असा एखादा कागद बैठकीला आला की आम्हीही तो बघतो. नवरा, सासरे, आजेसासरे, त्यांचे वडील, त्यांचे आजे. पाच पिढ्या सरळ रेषेत, आणि त्यात एकही बाई नाही. जसे काही सगळे गडी एकमेकांपासूनच जन्मले!

मग एखाद्या साध्या बाईचं, राणी नाही, संत नाही, अशा बाईचं आयुष्य शोधायचं तर कुठे? आम्ही पुण्यातल्या बायका, म्हणून पुण्यातलंच सांगतो.

इनाम कमिशनात नोकरीला असलेले सदाशिव बल्लाळ गोवंडे हे जोतीराव फुल्यांचे मित्र. त्यांच्या घरी स्वयंपाकाला काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवानं तिला नादी लावलं आणि ती गरोदर राहिली. पोट पाडायचे उपाय करून झाले, पण उपयोग झाला नाही. त्या माणसानं अंग काढून घेतलं. मुलगा झाला, तेव्हा अब्रूच्या धाकानं तिनं सुरीनं त्याला मारलं आणि घरामागच्या विहिरीत टाकलं. पोलिसांना पत्ता लागला. पुण्याच्या सत्र न्यायालयात खटला चालला आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची, म्हणजे अंदमानला धाडायची, शिक्षा झाली.

हे आपल्याला कळतं कशावरून? घराण्याच्या कागदावरून नाही. 1884 साली बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं काढली. त्यावर जोतीरावांनी 4 डिसेंबर 1884 ला आपलं मत लिहून दिलं, त्यात ही हकिकत आहे. काशीबाईचं नाव आहे, ती कुणाकडे कामाला होती ते आहे, गुन्हा आहे, शिक्षा आहे. माहेर नाही, बापाचं नाव नाही, मेलेल्या नवऱ्याचंही नाही. त्या शास्त्रीबुवाचं नावसुद्धा नाही. बाईचं नाव कागदावर आलं, गड्याचं आलं नाही, असं क्वचित घडतं. ते घडलं ते असल्या कामात!

या प्रकरणानं जोतीराव-सावित्रीबाई हादरले. 1863 च्या सुमारास गंज पेठेतल्या आपल्या घरातच त्यांनी विधवांसाठी बाळंतपणाची सोय केली. ब्राह्मणवस्तीत रस्त्यांच्या कोपऱ्यांवर तशा जाहिराती लावल्या. ते घर म्हणजे आजचा फुले वाडा. 1884 पर्यंत तिथं 35 जणी बाळंत झाल्या, असं जोतीरावांनीच लिहिलंय. त्यांतली 5 मुलं जगली. बाकीची 30 दगावली, कारण पोट पाडायला आयांनी आधीच विषारी औषधं घेतलेली होती. त्या 35 जणींची घरची नावं शोधायला गेलात तर वंशावळीत काय सापडेल? 'विधवा, निपुत्रिक.' तेही कुणी लिहायची तसदी घेतली असली तर.

आता दुसरी काशीबाई. 1874 साली याच घरात एक ब्राह्मण विधवा बाळंत झाली, तिचंही नाव काशीबाई. तिचा मुलगा यशवंत. त्याला जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतलं. 1887 च्या जुलैत जोतीरावांनी मृत्युपत्र केलं आणि यशवंताला मुलाचा हक्क दिला. तो पुढे डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी रोग्यांची सेवा केली, त्यात यशवंतही होता आणि त्यातच 10 मार्चला सावित्रीबाई गेल्या.

भाषणांतून या दोघी काशीबाईंची पुष्कळदा एकच बाई करून टाकतात. नाव एक, जात एक, दुःख एक, मग कोण वेगळं करणार? वेगळं करायला साल लागतं. पहिलीला शिक्षा झाली तेव्हा यशवंत जन्मायला दहा वर्षं होती. आपल्या घरातही हे होतं. दोन पिढ्यांत दोन लक्ष्मीबाई असल्या की सांगणारे दोघींना एका आयुष्यात कोंबतात. म्हणून नाव कळलं की लगेच साल विचारायचं. साल आठवत नसेल तर दुष्काळाच्या आधी की नंतर, धरण झालं त्याच्या आधी की नंतर, असं विचारा.

यशवंताची वंशावळ काढली तर वर जोतीराव आणि सावित्रीबाई येतात, आणि तेच बरोबर आहे. वाढवलं त्यांनीच. पण जिनं नऊ महिने लपवून वागवलं तिला त्या कागदावर जागा नाही.

पहिलीचंही थोडं सांगतो. 1858 पासून कैद्यांची वसाहत पोर्ट ब्लेअरला होती. सेल्युलर जेल 1906 चा, तो तेव्हा नव्हता. काही वर्षं शिक्षा भोगलेल्या बायकांना तिथं परवानगीनं कैदी पुरुषाशी लग्न करून संसार मांडता येई. त्यांच्या लेकरांच्या वंशजांना अंदमानात 'लोकल बॉर्न' म्हणतात. आपल्याकडे जिथं बाईची रेघ संपली असं लिहिलं जातं, तिथून समुद्रापार एखाद्या घराण्याची सुरुवात झालेली असू शकते.

आता आपल्या पणजीकडे येऊ. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यांच्या वह्या असतात. गाव, आडनाव, जात सांगितली की उपाध्ये वही काढतात आणि आपल्या घरचं कोण कधी आलं ते वाचून दाखवतात. तिथं बायकांची नावंही अनेकदा मिळतात. अडचण अशी की लग्नात नाव बदलतात. माहेरच्या वहीत चिमणी, सासरच्या वहीत रुक्मिणी. दोघी एकच, हे कुठलीच वही सांगत नाही. ते सांगते एखादी म्हातारी आत्या.

त्यापेक्षा जमिनीचे जुने फेरफार बघा. तलाठ्याच्या भाषेत 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' किंवा 'भ्रतार' म्हणजे अमक्याची बायको. 'सखू कोम ज्ञानू' असं दिसलं की ज्ञानूची सखू सापडली. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. नवरा लवकर गेला, पोरं लहान राहिली, की तिथं आईचं नाव येतं. आणि हक्कसोड पत्र जरूर बघा. बाप वारला की भाऊ बहिणींची सही घेतात. 1994 पासून महाराष्ट्रात आणि 2005 पासून देशभर मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हिस्सा आहे, पण बऱ्याच घरांत लेकीचं नाव बापाच्या कागदावर पहिल्यांदा येतं ते हिस्सा सोडताना. खटला, वैधव्य, हक्कसोड. बाईचं नाव अशाच ठिकाणी दडलेलं असतं, तेव्हा शोधही तिथंच घ्यायचा.

1 मे 2024 नंतर जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर त्यांच्या नावापुढे आधी आईचं नाव लिहायचं, असा राज्य सरकारचा निर्णय आहे. त्याआधीच्या सगळ्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. आमच्या गटाच्या नोंदवहीत आजवर 'सौ.' आणि नवऱ्याचं नाव एवढंच असायचं. आता शेजारी दोन रकाने आखलेत, एक माहेरच्या नावाचा, एक आईच्या माहेरगावाचा. तुम्हीही आखून बघा. पुढच्या बैठकीला येताना घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईला एवढंच विचारून या, की तुमच्या आजीचं लग्नाआधीचं नाव काय होतं. आणि उत्तर आलं की लगेच लिहून घ्या.