मेहरूणचीं बोरें आणि खानदेशचें पाणी

पौष महिना लागला कीं जळगांवच्या बाजारांत बोरांच्या टोपल्या दिसूं लागतात, आणि बोरें कोठलींहि असोत, विकणारी बाई तीं मेहरूणचीं म्हणूनच विकते. संक्रांतीस तान्ह्या मुलास बोरन्हाण घालणाऱ्या आजीसहि तेंच नांव ऐकावयाचें असतें. मेहरूण हें एके काळीं शहराबाहेरचें खेडें. आज शहरानें तें पोटांत घेतलें आहे. तलाव आहे, नांव आहे. बोरींच्या बागा मात्र घरांच्या रांगांत विरळ होत गेल्या. पुष्कळांस ही एका रुचकर फळाची हानि वाटते. मला ती त्याहून मोठी वाटते. कां, तें सांगावयाचें तर खानदेशच्या शेतीची थोडी मागील हकीकत सांगणें भाग आहे.

बोर ही आळशी माणसाची बाग, असें थट्टेनें म्हणतां येईल. तिचें सोटमूळ खोल जातें. म्हणून जाणते बागवान रानबोरीचें बीं जागच्या जागीं रुजवितात आणि रोप वाढल्यावर त्यावर चांगल्या जातीचा डोळा भरतात. विहिरी आटतात त्या चैत्र-वैशाखांत हें झाड पानें गाळून निजतें. छाटणीहि तेव्हांच करावयाची. पावसाबरोबर नवे फोक फुटतात, पाऊस सरतां सरतां फुलोरा येतो आणि जमिनींत मुरलेल्या ओलीवर हिवाळ्यांत फळ पिकतें. पाला शेळ्यांस, कांटे कुंपणास. खानदेशच्या ऋतुचक्राशीं इतकें जुळवून घेणारें दुसरें फळझाड मला तरी ठाऊक नाहीं. अर्थात् बोरांवर कोणाचें पोट भरत नाहीं. पण ज्या वर्षीं ज्वारी बुडाली त्या वर्षींहि बांधावरच्या बोरीनें कांहीं तरी दिलें, हें थोडें नव्हे.

पाणी मागणारीं पिकेंहि जुन्या खानदेशांत होतीं. परंतु तीं घेण्याची रीत निराळी होती. सह्याद्रींतून निघून धुळ्यावरून वाहत तापीस मिळणाऱ्या पांझरेवर निदान तीनशें वर्षें चालत आलेली फडपद्धति हिचें उत्तम उदाहरण होय. नदीस दगडी बंधारा घालून पाट काढावयाचा. पाटाखालीं भिजणाऱ्या क्षेत्रास थळ म्हणावयाचें. आणि थळाचे तीन-चार फड पाडावयाचे. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें : एकांत ऊंस, दुसऱ्यांत गहूं, आणि पुढील सालीं पालट. शेतकऱ्याची जमीन बहुधा प्रत्येक फडांत थोडी थोडी असे. त्यामुळें पाणी अपुरें पडल्यास एखादा फड कोरडा ठेवीत, आणि तोटा कोणा एकाच्या माथीं न बसतां सर्वांत वांटला जाई. पाटकरी पाणी सोडी, त्याचें वेतन पिकांतून मिळे. गाळ काढावयास सर्व खातेदार जमत. मला ह्या व्यवस्थेंतील यंत्रविद्येपेक्षां हा हिशेबच अधिक विलक्षण वाटतो. ती रामराज्य होती असें मात्र समजूं नये. थळांत ज्याची जमीन नाहीं, त्या मजुरास आणि भिल्लास ह्या वांटणींत जागा नव्हती.

होळकरांच्या फौजांची व पेंढाऱ्यांची धामधूम आणि तिच्या पाठोपाठचा १८०३-०४ चा दुष्काळ ह्यांनीं हा मुलूख उजाड केला. १८१८ सालीं कॅप्टन ब्रिग्ज इंग्रजांतर्फे खानदेशचा कारभार पाहूं लागला, तेव्हां ओसाड गांवें आणि मोडके बंधारे हेंच त्याच्या पुढें आलें. पुढें कांहीं बंधारे दुरुस्त झाले, फडहि टिकले. पण शेतीचें लक्ष दुसरीकडे वळलें. १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, लँकेशायरच्या गिरण्या कापसावांचून अडल्या, आणि त्याच सुमारास खानदेशांतून लोहमार्गहि गेला. जळगांव ही कापसाची पेठ म्हणून वाढली. १८६५ त युद्ध संपतांच भाव कोसळले. कापूस मात्र रानांत राहिला. शेतकऱ्याचें दैव आतां आभाळाइतकेंच लिव्हरपूलच्या बाजाराकडेहि पाहूं लागलें. १८९९-१९०० च्या दुष्काळांत ह्याचा अर्थ कळला : आगगाडीनें धान्य येऊं शकत होतें, पण काम बुडालेल्या मजुराजवळ तें विकत घेण्यास पैसा नव्हता, आणि चाऱ्यावांचून गुरें मेलीं तीं वेगळींच.

विसाव्या शतकांत रावेर-यावलच्या काळ्या जमिनींत केळीनें जो संसार उभा केला त्याला नांवें ठेवण्याचें धाडस मी करणार नाहीं. तिच्या पैशावर मुलें शिकलीं, माझ्या वर्गांतहि बसलीं. जळगांवच्या केळीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें योग्यच झालें. परंतु केळ उभ्या उन्हाळ्यांत पाणी पिते, आणि सातपुड्याच्या पायथ्याचें भूजल उपशाच्या मानानें भरून येत नाहीं; विहिरी गेल्या, विंधनविहिरी आल्या, त्याहि खोल खोल गेल्या. ठिबक सिंचनानें झाडामागें पाणी पुष्कळ वांचविलें, पण वांचलेलें पाणी बहुधा नव्या लागवडीसच जातें. फडाचा पाटकरी जमिनीखालीं नाहीं. ज्याचा पंप खोल त्याचें पाणी. वैशाखांतल्या एका वादळी सायंकाळीं उभी बाग आडवी होते, आणि त्या शेतांत दुसरें कांहींच नसतें.

कोरडवाहू फळझाडाचें मोल सरकारासहि पुढें उमगलें. १९९० सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीशीं जोडलेली फळबाग योजना निघाली, तींत बोरीस स्थान होतें. बाजारांत उमराण ही मोठ्या फळाची जात पुढें आली. मेहरूणचें बोर लहान, म्हणून मागें पडलें. चवीचें मोजमाप वजनकांट्यावर होत नाहीं, हा माझा पक्षपात वाचकांनीं क्षम्य मानावा.

मेहरूणच्या बोरीचा डोळा पावसाळ्याच्या आरंभीं कोठल्याहि रानबोरीवर भरतां येतो. त्याला ना धरण लागतें, ना पंप. मात्र तो डोळा काढून घेण्यासाठीं मेहरूणला एखादी जुनी बोर उभी असावी लागते.